पावलापुरता पत्रा

मामाजी, तुमच्या तेरवीचं जेवण आटोपलं, मांडवाचे बांबू निघाले आणि दुसऱ्याच दिवशी गोंदियाचा सीटकव्हरवाला घरी आला. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलला, पाणी प्यायला, मग पिशवीतून चंदेरी शीटचा एक तुकडा काढून अंगणातल्या पिकअपकडे पाहत म्हणाला, "भाभी, वो पैरवाली जगह अब भर दूँ क्या? माल बचा हुआ है, पैसा नहीं लगेगा."

मी म्हटलं, "राहू द्या."

त्याला वाटलं दुःखात आहे, डोकं ठिकाणावर नाही. तुमच्या पोरानंही माझ्याकडे तसंच पाहिलं. आता पैर नाही तर पैरवाली जागा ठेवून काय करायचं, असं दोघांच्याही तोंडावर लिहिलं होतं. माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे. रडायचं तेवढं रडून झालं आहे, घरात पाहुणे होते तोवर ते कामही व्यवस्थित पार पडलं. आता तुमच्याशी थोडं बोलायचं आहे, लिहून का होईना. तुम्ही मध्ये बोलणार नाही, ही सोय पहिल्यांदाच मिळते आहे.

लग्न होऊन मुर्रीत आले तेव्हापासून सासऱ्याला मामाजी म्हणते, इकडे म्हणतात तसं. पण पहिली काही वर्षं आपलं बोलणं चहा झाला काय आणि भाकर वाढू काय याच्या पुढे गेलं नाही. मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं तरी समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड तुम्हाला सहन होईना. तुमचा पोरगा दवाखान्याच्या नोकरीत, बाजाराचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या. पोहे, मुरमुरे, लाखोळीची डाळ घेऊन आठवडी बाजार करायचे तर गाडी चालवणार कोण? तुम्ही ओसरीवर बसून मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "शिकशीन काय?"

शिकले. गावाला काही दिवस तोंडी लावायला झालं. सून गाडी चालवते आणि सासरा बाजूला बसतो, हे लोकांना पचेना. कोणी टोकलं की तुम्ही सांगायचे, "पाहाचं काम तिचं, आयकाचं काम माहं." आणि खरंच, तुम्ही डाव्या सीटवर बसून गाडी ऐकायचे. चढायच्या आधी चप्पल काढायची, दोन्ही तळ एकमेकांवर झटकायचे, सीटखाली सारायची आणि अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवायचे. रबराची चटई तुम्ही तुमच्या बाजूनं गुंडाळूनच ठेवलेली. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चप्पल घालून बसू नये, असं सगळे समजायचे. मीही. गोरेगावच्या बाजारातली माणसं तुमच्या त्या भक्तीचं कौतुक करायची आणि तुम्ही ते कौतुक खाली पडू द्यायचे नाहीत.

मध्येच म्हणायचे, "थांब. मांगचा पट्टा ढिला झाला." उतरून पाहावं तर पोती आवळलेला पट्टा खरंच ढिला. गाडी शिकवताना तुम्ही एकदाही ओरडला नाहीत, आणि एकदाही चांगली चालवतेस म्हणाला नाहीत. ओरडला नाहीत याचे उपकार मानते. दुसऱ्या गोष्टीचा राग अजून आहे, तो तेरवीच्या जेवणात वाढून टाकता आला नाही.

आवाजावरून आपलं भांडण लागलं ते आपल्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेपासून. मुरमुऱ्याचं दुकान लावायला गेलो होतो. जाताना माल भरलेला, तरी बरं. येताना गाडी रिकामी आणि सगळा पत्रा मोकळा. दार वाजतं, छत वाजतं, पाठीमागची भिंत वाजते, खालून इंजिनाची घरघर पायातून दाढेपर्यंत चढते. घरी आले तर डोकं ठणकत होतं आणि रात्रीपर्यंत कानात गाडी चालूच होती. त्या आवाजात पाणी देऊ काय हे विचारलं तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं. शेजारी बसून दोघंही बोंबलत आहोत, आणि बाहेरच्याला वाटतंय, कान गेले यांचे.

मला एक गोष्ट विचारायची होती आणि ती बोंबलून विचारायची नव्हती. एखाद्या बाजाराला गाडी मी एकटीनं नेऊ काय? तुमचे गुडघे उतरता-चढताना दुखत, तुमचा पोरगा रोज म्हणायचा, बाबांना घरी बसव. पण मला तुम्हाला घरी बसवायचं नव्हतं. मला ऐकायचं होतं की, जा, नेशील तू. एकटीच्या हाती किल्ली देणं म्हणजे शिकली हे मान्य करणं. तेवढं तुमच्या तोंडून हवं होतं. म्हणून आधी गाडी गप्प करायची होती, गोंदियाच्या सीटकव्हरवाल्याकडे पत्र्याचा आवाज दाबणारी शीट मिळते ती आतून लावून.

तुमचं म्हणणं ठरलेलं. "आवाज बंद करून राहिली त गाडी सांगन कशी तिले काय होऊन राहिलं म्हनून? मुक्या जनावरालेई हंबरू देते मानूस."

मी म्हटलं, "हंबरू द्या, पण चोवीस तास?"

शेवटी तुम्ही अर्धे नमलात, पण तुमच्या पद्धतीनं. कंपनीचा माल कायले, घरचा बारदाना हाय ना! धानाची रिकामी पोती तुम्ही घड्या घालून दारांच्या आत कोंबलीत, स्क्रू पुन्हा आवळले आणि दारावर थाप मारून मला ऐकवलीत. आवाज कमी झाला होता, हे मान्य. काच अर्ध्यावरच अडकायला लागली, हे तुम्हाला मान्य नव्हतं. मग पावसाळा आला. काचेवरून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून वाहून जातं, तशी ती भोकं असतातच. आपल्या दारात ते पोत्यांनी पिऊन घेतलं. आणि पोती झटकून घ्यावीत हे काही तुम्हाला सुचलं नव्हतं.

गोरेगावच्या बाजारात एक बाई पोहे घ्यायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "अजी, तुमच्या गाडीले पऱ्हे निंगाले ना!"

दाराच्या खालच्या भोकातून धानाची हिरवी कोवळी पाती बाहेर आली होती. दोन्ही दारांना. आख्खी ओळ जमा झाली. कोणी विचारलं रोवणी कधी, कोणी म्हणालं धानाची बांधी कुठं आहे, मागच्या डाल्यात की टपावर. मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. तुम्ही शांतपणे खाली बसलात, एक रोप उपटलंत, मुळं पाहिलीत आणि म्हणालात, "बियानं चांगलं हाय, हे त माना."

आज हे लिहिताना मी हसले. तुमच्या पोरानं आतून डोकावून पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गुपचूप म्हणालात, चल, पाहू तुझा माल. गोंदियाला गेलो. सीटकव्हरवाल्यानं दोन प्रकार पुढे टाकले. एक काळी डांबराची शीट, स्वस्त, जाड. दुसरी बुटाइलची, म्हणजे रबरासारख्या चिकट लगद्याची, वरून चंदेरी पन्नी, पातळ आणि महाग. तुम्ही अर्थातच काळीवर हात ठेवलात. जाड आहे, जास्त टिकेल, सरळ हिशेब. मी दोन्हीचा एकेक तुकडा मागून घेतला आणि घरी येऊन न्हाणीच्या टिनावर चिकटवला. मे महिना, आपल्याकडचा. दुपारपर्यंत काळा तुकडा टिनावरून घसरत खाली आला आणि सगळ्या अंगणाला नव्या रस्त्याचा वास सुटला. चंदेरी तुकडा होता तिथंच. तुम्ही जेवून उठलात, टिनाकडे पाहिलंत, हात पुसलेत आणि आत गेलात. तुमच्या हार मानण्याचा आवाज एवढाच असायचा.

वर लावायच्या फोमचीही मी परीक्षा घेतली. बादलीत बुडवून ठेवला आणि पिळून पाहिला, पाणी पिणारा असला तर पुन्हा शेती व्हायची. एका दुकानातला फोम पोळीसारखा भिजला, तो परत केला. दुसरा कोरडाच राहिला, तो घेतला. तुम्ही बादलीपाशी उभे राहून म्हणालात, "मास्तरीन व्हाले पायजे होती." त्याला मी तेव्हा टोमणा समजले होते. आता ठरवून टाकलं आहे की ती शाबासकी होती, तुम्ही काही नाकारायला येत नाही.

काम अंगणातच झालं, निंबाखाली. सीटा बाहेर काढल्या, दारांची पुठ्ठ्याची पाठ उघडली, जुने बारदाने आणि वाळलेले पऱ्हे काढून टाकले. पत्रा थिनरनं पुसून घेतला, कारण तेलकट पत्र्यावर काही टिकत नाही. कापायचं काम सीटकव्हरवाल्याचं, दाबायचं माझं आणि खोट काढायचं तुमचं. दाबायला त्याच्याकडे लोखंडी रूळ होता, पण दाराच्या आत तो वळत नव्हता, मग मी घरातलं बेलणं आणलं. पोळीला लावते तसाच जोर लावला. दाराची खालची भोकं मात्र मोकळी ठेवायला लावली, बोट घालून एकेक तपासलं. तो सांगायचा, सगळा पत्रा झाकायची गरज नसते, मधोमध नीट बसलं तरी पत्रा आपोआप गप्प होतो. तुम्ही बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचे. शीट लावायच्या आधी टण्ण, लावल्यावर थप. टण्ण झालं की तुमचा चेहरा खुलायचा, थप झालं की पडायचा. मला गंमत वाटायची, म्हातारा माणूस आवाजासाठी एवढा हळवा.

खालच्या पत्र्याची पाळी आली तेव्हा तुम्ही आडवे आलात. "इथं नाई लावाचं."

"मामाजी, सगळ्यात जास्त आवाज खालूनच येतो."

"सगळीकडं लाव. माह्या पायाखाली नाई."

"तापेल तिथं. उन्हाळ्यात पाय ठेवणार कसा?"

"चिखलात गेले माहे पाय, उन्हात गेले. आता काऊन कौतुक करू त्यायचं?"

सीटकव्हरवाला माझ्याकडे पाहू लागला. तुमच्याशी त्या सुरात वाद घालायचा नसतो हे मला माहीत होतं. मी स्वयंपाकघरातून तुमच्या नातीचा खडू आणला. तुम्ही फक्त एक सीट परत बसवायला लावलीत, वर चढून बसलात, उजवा पाय नेहमीच्या जागी ठेवलात आणि मी त्याच्या भोवतीनं रेघ काढली. अंगठ्यापाशी खडू मोडला. तुमच्या पायाला हात लावते आहे आणि पाया पडत नाही, असं तेव्हाच एकदा झालं. मग त्यानं शीट त्या रेघेवरून कापली. सगळीकडे चंदेरी आणि मध्ये एक पाऊल, नुसत्या पत्र्याचं. वरच्या फोमला आणि चटईलाही तसंच भोक. गावात कोणी पाहिलं की हसायचं, लक्ष्मीचं पाऊल काढलं काय म्हणून. तुम्ही म्हणायचे, "माहं हाय. लक्ष्मीचं लहान रायते."

गाडी गप्प झाली. पूर्ण नाही, तेवढं कोणी होत नसतं, पण माझ्या दाढेपर्यंत चढणारी ती घरघर गेली. पहिल्या बाजाराला निघालो तेव्हा मला रस्त्याकडेच्या बांध्यांतल्या बायकांचं बोलणं ऐकू आलं. मुर्री सोडली, मी गाडी सरळ धरली आणि जसं घरात बोलते तशा आवाजात विचारलं, "मामाजी, पुढच्या गोरेगावच्या बाजाराला मी एकटी जाऊ काय?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. पाहतच राहिलात.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरी आले, भांडी आपटली, तुमच्या पोराशी अबोला धरला, त्याचा काही संबंध नसताना. एवढा खटाटोप केला, गाडी मुकी केली, आणि माणूस उत्तर द्यायलाही तयार नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पुढचे बरेच बाजार मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्ही ते ओळखलंत की नाही, तेही कळलं नाही.

दिवाळीच्या आधी, भरल्या गाडीनं चाललो असताना मला एक बारीक आवाज यायला लागला. घूं घूं. आधीच्या गोंगाटात तो कधी कळलाच नसता. मी तुमच्याकडे वळून म्हटलं, "मामाजी, काही तरी घुमतंय." तुम्ही म्हणालात, "काही नाई." मी वेग वाढवला, आवाज वाढला. "ऐका ना!" "आयकून राहिलो ना. काही नाई." तेवढ्यात मागून एका ट्रकनं कान फाटेल असा लांबलचक हॉर्न दिला. मी दचकले. तुम्ही समोर पाहत होता, पापणीही हलली नाही. ट्रक बाजूनं पुढे गेला तेव्हा तो पाहून तुम्ही दचकलात.

मग तुम्ही डोळे मिटलेत. उजवा पाय त्या मोकळ्या पत्र्यावर सपाट टेकवलात, बोटं पसरलीत, टाच दाबलीत. थोडा वेळ तसेच बसलात आणि म्हणालात, "मांगं नाई. पुढं. माह्याच बाजूचं चाक. हळू घे."

मेकॅनिकनं चाक उघडलं, पुढचंच, डावंच. बेरिंग गेलं होतं. अजून काही बाजार केले असते तर चाक निघून बांधीत गेलं असतं, असं तो म्हणाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पाहिलं ना, असं. मी पाहिलं होतं, मामाजी. तुम्हाला दिसलं त्याहून जास्त.

किती दिवसांपासून ऐकू येत नव्हतं, देव जाणे. घरात तुम्ही कमी बोलायचे, ते आम्हाला वयाचं वाटायचं. गाडीत सगळेच ओरडायचे, त्यामुळे तिथं तर कोणाला पत्ताच लागला नाही. पट्टा ढिला झाला, दगड अडकला, टायर बसला, हे सगळं तुम्ही तळपायानं वाचत होता, आणि आम्ही हात जोडत होतो लक्ष्मीला. म्हणून त्या थप आवाजानं तुमचा चेहरा पडायचा. तो आवाज तुम्हाला ऐकू येत नव्हता, बोटात कळत होता. प्रत्येक शीटबरोबर गाडी तुमच्यापासून लांब जात होती, आणि तरी तुम्ही सगळं लावू दिलंत, एक पाऊल सोडून.

आणि मग मला माझा प्रश्न आठवला. तुम्ही उत्तर दिलं नव्हतं की तुमच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता? पुन्हा मोठ्यानं विचारता आलं असतं. पण त्या गप्प गाडीत मोठ्यानं विचारणं म्हणजे मला कळलं आहे हे सांगणं. आयकाचं काम माहं, असं तुम्ही बाजारभर सांगत फिरायचे. ते काम तुमच्याकडून काढून घेणारी मी कोण? तुमच्या पोरालाही सांगितलं नाही. आज हे वाचून त्याला कळेल. मी फक्त तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे तोंड करून बोलायला लागले आणि तुम्ही उत्तरं द्यायला लागलात. तोच प्रश्न तेवढा तोंड करून विचारायचा राहिला. रोज वाटायचं, आज विचारू. थंडी सरू दे, मग विचारू.

त्या चाकानंतर तुम्ही एक नवं टुमणं काढलं होतं. "चप्पल काढून चालवत जाय, बाई. पायाले समजते." मी म्हणायचे, क्लच गरम लागतो. तुम्ही म्हणायचे, सवय होते. मी म्हणायचे, माझी चप्पल घसरत नाही, आणि मला कान आहेत. तिथं मी जीभ चावायची. दर बाजाराला हाच वाद, दर बाजाराला अर्धवट. मला तो आवडायला लागला होता, हे तुम्हाला सांगितलं नाही. तुमची सवय झाली होती आणि आता ती मोडत नाही. तुम्ही नाही, हे मला बाजाराच्या दिवशी सगळ्यात जास्त लागतं. बाकीचे दिवस निभतात.

काल गोरेगावचा बाजार होता. तुमचा पोरगा म्हणाला, सुट्टी टाकू काय, येऊ काय सोबत? मी नको म्हटलं. त्यानं किल्ली तुमच्या बंडीच्या खिशातून काढून दिली, ती अजून तिथंच होती. पोती चढवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला.

मुर्री सोडून गाडी वेगात आली आणि वाजायला लागली. बारीक, भणभण, डाव्या बाजूनं. मी थांबून सगळं पाहिलं. चाकं ठीक, पट्टा ठीक, दार ठीक. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. मग लक्षात आलं. तुमच्या पावलाची जागा वाजत होती. तुम्ही होता तोवर त्या पत्र्यावर कायम पाय असायचा, म्हणून तो वाजतो हे आपल्यापैकी कोणालाच कधी कळलं नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि तुमच्या सीटवर जाऊन बसले. चप्पल काढून तुमच्यासारखी सीटखाली सारली आणि पाय त्या जागेत ठेवला. माझं पाऊल लहान पडलं, चारी बाजूंनी जागा उरली. खालून गाडीची थरथर तळपायात आली. तिच्यातून चाक कोणतं आणि पट्टा कोणता हे मला काही समजलं नाही. तुम्ही म्हणाला होता, सवय होते.

पुन्हा स्टिअरिंगवर आले. उशीर झाला होता, बाजार भरत आला असणार. गोरेगावपर्यंत तो पत्रा वाजत होता आणि मी त्याला वाजू दिलं. चप्पल सीटखालीच राहिली.